नणंदेच्या दोन गाठी

आमच्या इसक्कीला रडताना मी एकदाच पाहिलं, आणि तेही धुरामुळे. निदान तिचं म्हणणं तसं. कोविलपट्टीत चिक्कीच्या कारखान्यात ती सतराव्या वर्षी लागली, आज एकेचाळिसाव्या वर्षीही तिथेच आहे. गुळाचा पाक नेमका कधी उतरवायचा हे तिच्याइतकं तिथे कुणाला कळत नाही. पाकाचा थेंब पाण्यात सोडायचा, बोटांनी उचलायचा, दाताखाली मोडायचा. टक्कन तुटला की शेंगदाणे ओतायचे. चोवीस वर्षं उडालेल्या पाकाने तिच्या हातांवर मनगटापर्यंत पांढरे डाग पडलेत. तोंड म्हणाल तर पाकापेक्षा गरम. कारखान्याच्या मालकालाही ती सुनावते, "पाक बरोबर आहे, पातळ झालीय ती तुमची अक्कल." मालक गप्प ऐकून घेतो.

मी तिची मामी, तिच्या आईच्या भावाची बायको. तिची आई काविळीने गेली तेव्हा इसक्की सतराची होती आणि तिचा भाऊ पोनराज सातचा. बाप आधीच गेलेला. खरं बोलायचं तर त्या दोघांना आम्ही आमच्या घरी आणायला हवं होतं. लग्नकार्यात मामा म्हणून पुढे बसायचं, शालजोडी घ्यायची, हे सगळं आमच्या ह्यांना छान जमतं. पण पोरं सांभाळायचा विषय निघाला की ह्यांच्या सायकलच्या दुकानात एकाएकी फार काम निघायचं. मीही काही बोलले नाही. माझी स्वतःची तीन होती. तेव्हा इसक्कीने कुणाची वाट न बघता कारखाना धरला आणि पोनराजला शाळेत घातलं.

बाविसाव्या वर्षी आम्हीच तिचं लग्न लावून दिलं, सुयंबूशी. दिसायला राजबिंडा, कामाला आळशी. चार वर्षं तिच्या घरात बसून खाल्लं आणि एक दिवस तिरुप्पूरला बनियनच्या गिरणीत कामाला जातो म्हणून जो गेला तो तिकडचाच झाला. वर्षभराने कळलं की तिथे त्याने दुसरी बाई केलीय. मूलही झालंय. गावातल्या बायका नळावर कुजबुजायच्या, नवऱ्याने टाकलेली म्हणून. इसक्की ऐकायची आणि घागर भरून चालू लागायची.

पण तिने कुंकू सोडलं नाही. बंद्या रुपयाएवढं कुंकू, केसात फुलं, गळ्यात ताली, म्हणजे आमचं मंगळसूत्र. दर शुक्रवारी अम्मनच्या देवळात सुयंबूच्या नावाने दिवा. मला राग यायचा. एकदा मी देवळाच्या पायरीवरच विचारलं, "कशाला गं त्या मेल्यासाठी तेल जाळतेस?"

ती हसली. "मामी, त्याच्यासाठी कोण जाळतंय? पोनराजच्या लग्नात मला दोन गाठी मारायच्या आहेत. मी अम्मनला सांगितलंय, लग्नापर्यंत त्याला जगव. पुढे तुझं तू बघ."

आमच्याकडे नवरा मुलीच्या गळ्यात ताली बांधतो तेव्हा पहिली गाठ तेवढी त्याची. उरलेल्या दोन मागे उभी राहून त्याची बहीण मारते. ती बहीण सवाष्ण हवी. नवऱ्याने टाकलेली चालते, नवरा मेलेली चालत नाही. इसक्कीने आयुष्यात स्वतःसाठी म्हणून काही मागितलं असेल तर त्या दोन गाठी. पोराला वाढवलं, डिप्लोमा करवला, तो तुत्तुकुडीच्या बंदरात नोकरीला लागला, तोवर ती एक शब्द बोलली नाही. पण गाठींची गोष्ट निघाली की तिचे डाग पडलेले हात आपोआप हवेत चालू लागायचे, जणू दोरा हातात आहेच.

मग लग्न ठरलं. मुलगी तिरुचेंदूरची, वळ्ळी नाव, बाप देवळाजवळ ताडगुळाचं दुकान चालवतो. आनी महिन्यातला शेवटचा मुहूर्त धरला, कारण पुढे आडी महिना लागला की लग्नं बंद. पत्रिकेत बहीण म्हणून "सौ. इसक्कियम्माळ सुयंबुलिंगम" असं जोडीने छापलं; नवरा तिरुप्पूरला नोकरीला आहे, एवढंच मुलीकडच्यांना सांगितलेलं. इसक्कीने त्या पत्रिकेवर तीन वेळा हात फिरवला.

लग्नाला बारा दिवस राहिले असताना आमच्या ह्यांच्या दुकानात तिरुप्पूरहून फोन आला. सुयंबूबरोबर गिरणीत काम करणारा कुणी माणूस होता. सुयंबू आदल्या दिवशी छातीत कळ येऊन गेला होता, अंत्यविधी उरकला होता.

हे घरी आले, दार लावलं आणि मला सांगितलं. मी कपाळाला हात लावला. माझ्या मनात पहिला विचार आला तो त्या दोन गाठींचा. मेल्याला अजून बारा दिवस धीर धरवला नाही का, असंच मला वाटलं. खोटं कशाला सांगू.

"कुणाला बोलू नकोस," हे म्हणाले.

"अहो, तिला सांगायला नको?"

"सांगितलं की तिचं कुंकू गेलं. गाठी गेल्या. ती कोपऱ्यात बसणार. आणि मुलीकडच्यांना कळलं तर? वळ्ळीच्या आईला तू ओळखतेस ना? लग्नाच्या तोंडावर घरात मरण झालं म्हणून मुहूर्त पुढे ढकलतील. पुढे आडी. आडी संपेपर्यंत ते दुसरा मुलगा बघतील."

"मग काय करायचं?"

ह्यांनी पंच्याने मान पुसली आणि आपलं शास्त्र सांगितलं. "सुतक मेल्या क्षणापासून धरत नाहीत, ऐकल्या क्षणापासून धरतात. माझा आजोबा काशीत गेला तेव्हा घरी तीन महिन्यांनी कळलं. त्या तीन महिन्यांत आजीने कुंकू लावलं, ओट्या भरून घेतल्या, बारशी केली. कुणी तिला दोष दिला? ऐकलं नाही तोवर ती सवाष्णच. इसक्कीने ऐकलं नाही तर इसक्कीही सवाष्णच. लग्न होऊ दे, मग सांगू."

पोनराजला बोलावून घेतलं. तो ऐकून भिंतीला टेकून बसला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते सुयंबूसाठी नव्हतं, हे सांगायला नको. "अक्काच्याच हातून गाठी पडायला हव्यात, मामा," तो म्हणाला. "तिने किती वर्षं वाट बघितलीय. नका सांगू तिला."

आमच्या पस्तीस वर्षांच्या संसारात ह्यांनी काही शहाणपणाचं सुचवलं असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. लबाडी होती, पण मायेची होती. मी गप्प बसायला तयार झाले.

पुढचे अकरा दिवस मी इसक्कीसमोर जायचं टाळत होते. ती मात्र नेहमीसारखीच. कारखान्यातून रजा घेतली, पोनराजच्या खोलीला चुना दिला, लाडवांचं पीठ दळून आणलं. शुक्रवारी देवळात सुयंबूच्या नावाने दिवाही लावला. मी पाठीमागे उभी होते.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी व्हॅन निघाली. आम्ही सतरा माणसं, नवऱ्यामुलाचं सामान, फळांच्या टोपल्या, आणि मागे पातेल्यात इसक्कीने केलेली चिक्की. व्याह्यांना द्यायला तिने ती घरी स्वतंत्र केली होती, कारखान्यातली नाही. एट्टयपुरमच्या पुढे गाणी लागली, पोरं नाचायला लागली. तुत्तुकुडी ओलांडल्यावर मिठागरं लागली, दोन्ही बाजूंना पांढरे ढीग. इसक्की खिडकीशी बसली होती. डोक्यात इतका गजरा की मान हलवताना जपावं लागत होतं.

"मामी," ती एकदम म्हणाली, "मी गाठ मारताना हात थरथरला तर?"

"तुझा हात? उकळत्या पाकात थरथरला नाही तो?"

"पाक परका असतो हो," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत बसली.

तिरुचेंदूरच्या कार्यालयात उतरलो तर विहीणबाई दारातच. पेराच्चियम्माळ नाव त्यांचं, बाईचे डोळे बारीक चाळणीसारखे, खडासुद्धा सुटायचा नाही त्यांतून. पाय धुवायला पाणी दिलं, गुलाबपाणी शिंपडलं आणि लगेच सुरू झाल्या, "सगळे आले, पण तुमचे जावई, इसक्कीचे यजमान, कुठे दिसत नाहीत?"

आमचे हे खोकायला लागले. पोनराज फळांच्या टोपल्या मोजू लागला. मी तोंड उघडणार तेवढ्यात इसक्कीच पुढे झाली. "त्यांचं काय सांगू विहीणबाई! परदेशी मालाची मागणी आलीय म्हणे, दोन-दोन पाळ्या. काल रात्री बसमध्ये बसले होते, मालकाने अर्ध्या वाटेतून परत बोलावलं."

"बायकोच्या एकुलत्या एका भावाचं लग्न, आणि सुट्टी नाही? असा कसला मालक?"

"मालक कसले, राक्षस. मी म्हटलं, राहू द्या. तुम्ही तिथे सुखात असा, इथलं मी बघते." एवढं बोलून तिने चिक्कीचं पातेलं त्यांच्या हातात ठेवलं. "खाऊन बघा. दातांना त्रास होणार नाही, तुमच्यासाठी म्हणून पाक नरम ठेवलाय."

विहीणबाईंच्या समोरच्या दोन दातांचा पत्ता नव्हता. आजूबाजूच्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. विहीणबाई काय ते समजल्या आणि जावयाचा विषय तिथेच संपला. मला मात्र हसू येईना. ज्या माणसाची राख झाली त्याच्या पाळ्या ती किती सहज सांगत होती, बिचारीला काही माहीत नाही, असं मला वाटत होतं.

सकाळी सहाचा मुहूर्त. वळ्ळी मांडवात आली तेव्हा सगळ्यांचं लक्ष तिच्याकडे, माझं इसक्कीकडे. नणंदेला मानाची साडी नेसवली होती, हिरवी, लाल काठाची. डागाळलेल्या हातांत हिरव्या बांगड्या कोपरापर्यंत. ताली ताटात घालून मांडवभर फिरवली, प्रत्येकाने हात लावला. मग वाजंत्र्यांनी जोरात सूर धरला, ढोल कडाडला, अक्षता उडाल्या. पोनराजने वळ्ळीच्या गळ्याभोवती हळदीचा दोरा नेला, पहिली गाठ मारली आणि मागे बघितलं. इसक्की वाकली. तिचा हात जराही थरथरला नाही. एक गाठ. दुसरी गाठ. मग तिने दोऱ्याची टोकं ओढून बघितली, पक्की बसलीय की नाही म्हणून, आणि वळ्ळीच्या मानेला कुंकू लावलं.

सरळ झाली तेव्हा तिचा चेहरा असा होता की मला माझ्या ह्यांचे पाय धरावेसे वाटले. खरंच सांगते. मला वाटलं, ह्या लबाडीचं पाप लागलं तर लागू दे, आम्ही ह्या मुलीला एवढं एक दिलं.

जेवणाच्या पंगती उठल्या. पायसम, अप्पलम, वांग्याची कुट्टू, सगळं यथास्थित. तीनच्या सुमारास हे माझ्याजवळ आले. "आता सांगून टाक तिला."

"इथे? आजच?"

"लग्न झालं ना? नवी सून घरात पाऊल टाकण्याआधी हिचं कुंकू उतरायला हवं. समुद्र आहेच समोर. दर्शनाच्या निमित्ताने ने, सांग, तिथेच आंघोळ उरकेल. उद्या घरी पुन्हा नदी शोधायला नको."

माणूस असा हिशेबी असू शकतो हे मला नवीन नव्हतं. पण सांगायला मीच होते, कारण अशी कामं आमच्याकडे बायकांनाच येतात.

मी इसक्कीला घेऊन देवळामागच्या वाळूत गेले. तिथे नवस फेडायला आलेल्यांची गर्दी, डोकी भादरलेली लेकरं, कपडे वाळत घातलेले. आम्ही जरा बाजूला गेलो. लाटा घोट्यापर्यंत येत होत्या. मी म्हटलं, "इसक्की, एक सांगायचं होतं. मन घट्ट कर."

"सुयंबू गेला, तेच ना?" ती म्हणाली.

मी होकारार्थी मान हलवली.

तिने ओंजळीत समुद्राचं पाणी घेतलं आणि कपाळावरचं कुंकू धुतलं. गजरा काढला, पाण्यात सोडला. तालीचा दोरा डोक्यावरून काढून पदराच्या टोकाला गाठ मारून बांधला. बांगड्या एकमेकींवर आपटून फोडल्या. बाजार करून आलेली बाई पिशवी रिकामी करते तशा शांतपणे ती एकेक करत होती.

"तुला... कधी कळलं?"

"तो गेला त्याच संध्याकाळी. तिचा फोन आला कारखान्यात. त्या दुसरीचा. रडत होती. म्हणाली, अक्का, मान तुमचा आहे, उद्या सकाळी नेणार आहेत, तोंड बघायला या. मी म्हटलं, बाई, तू पंधरा वर्षं बघितलंस, तूच बघ. फोन ठेवला. पाक करपत होता, तो उतरवला." ती थांबली. "मामी, मी गेले असते तर गाठी गेल्या असत्या. म्हणून नाही गेले. त्याला बघायला नाही गेले, त्याच्या नावाने आंघोळ केली नाही. कुणाला कळू दिलं नाही. शुक्रवारी दिवाही लावला, तुम्ही मागे होतात म्हणून. पाप लागेल का हो?"

मी तिथेच वाळूत बसले. मग मला जे ठाऊक होतं ते मी तिला सांगून टाकलं. सांगायला नको होतं. मी म्हटलं, "अगं वेडे, आम्हालाही माहीत होतं. तुझ्या मामांना, मला. पोनराजलाही."

"पोनराजला माहीत होतं?"

"बारा दिवस."

तिचं कुंकू नसलेलं तोंड असं उजळलं की मला तिच्याकडे बघवेना. "म्हणजे सगळं माहीत असून त्याने मला उभं केलं? जाणूनबुजून?" आणि मग ती रडली. देवळातल्या होमाचा धूर वाऱ्याने आमच्याकडे येत होता. धूर गेला डोळ्यांत, ती म्हणाली. पण ती हसतही होती. "मामी, मी त्याला उगाच परका समजत होते हो. मला वाटलं, शिकला, साहेब झाला, कळलं तर मला मांडवात उभं करणार नाही. आणि बघा!"

ती जवळजवळ पळतच कार्यालयात परतली. मी मागून धापा टाकत. पोनराज भांड्यांच्या कोठीत ह्यांच्याबरोबर ओझी मोजत होता. तिचं मोकळं कपाळ बघून तो जागचा उठला, जवळ आला, तिचे दोन्ही हात धरले. "अक्का, आम्ही तुला आधी सांगितलं नाही, राग धरू नकोस. तुझ्या हातून गाठी..."

"राग कसला रे. मलाही ठाऊकच होतं. त्याच संध्याकाळी कळलं होतं मला."

पोनराजने हात सोडले. अगदी हळू सोडले, पण सोडले.

"तुला ठाऊक होतं?"

"हो."

"आणि तू गाठी मारल्यास?"

"तूही ठाऊक असूनच मारू दिल्यास ना?"

"मी दिल्या, कारण तू ऐकलं नव्हतंस!" त्याचा आवाज चढला, मग बाहेर मुलीकडची माणसं आहेत हे आठवून खाली आला. "ऐकलं नव्हतंस तोवर तू सवाष्ण होतीस. मामा, तुम्हीच सांगितलं होतंत ना? ही ऐकून, सगळं कळून, विधवा होऊन माझ्या बायकोच्या गळ्याला... अक्का, आज माझा संसार सुरू होतोय. तुला माझ्या जिवाची एवढीसुद्धा काळजी वाटली नाही?"

इसक्कीने पदर पुढे ओढून मोकळं कपाळ झाकलं.

आमचे हे मध्येच बोलले. "कानावर पडलं होतं तर तोंडाने सांगायचं होतंस, इसक्की. सुतक लपवायचं नसतं."

माझं डोकं फिरलं. "तिने लपवलं तर सुतक आणि तुम्ही लपवलंत तर शहाणपण? तुमच्याही कानावर पडलं होतं, ह्याच्याही पडलं होतं! मेला तो मेलाच होता, कुणाच्या कानात काय शिरलं त्याने तो जास्त मरतो की कमी?"

"तू गप्प बस," हे म्हणाले. "तुला शास्त्र कळत नाही."

पोनराज कपाळ धरून बसला होता. मग म्हणाला, "दोरा बदलायला हवा. आत्ताच, ह्या गावातून निघायच्या आत. दोरा नंतर बदलतातच, तो आज बदलू. मामी, तुम्ही बांधा."

मी म्हटलं, "मी नाही."

मला तिथेच अडून बसायला हवं होतं. हे आजही मला खातं. पण इसक्कीच माझ्याकडे बघून म्हणाली, "बांधा मामी. मुलीला संशय यायला नको." आणि ती कोठीच्या मागच्या दाराने बाहेर गेली, नव्या नवरीच्या समोर आपण येऊ नये म्हणून.

वळ्ळीला खोलीत बसवलं. दोरा सैल झालाय, पुन्हा बांधायचा म्हणून सांगितलं. ती पोर बावरली. "सैल कुठे आहे? अक्कांनी तर छान घट्ट बांधलाय. आणि बांधायचाच तर अक्काच बांधतील की. कुठे आहेत त्या?"

"डोकं दुखतंय तिचं," पोनराज म्हणाला.

नवा दोरा हळदीत भिजवून आधी तिच्या गळ्यात घातला, म्हणजे गळा एक क्षणही रिकामा नको. मग ताली जुन्या दोऱ्यातून काढायची तर गाठी सोडवायला हव्या. पहिली, पोनराजची, चटकन सुटली. पुढच्या दोन सुटेनात. मी नखं लावली, दात लावले. हळद तोंडात गेली, कडू. शेवटी पोनराजने दाढीचं पातं आणलं आणि दोरा कापला. आमच्या ह्यांनी तोंड फिरवलं. ताली नव्या दोऱ्यात ओवली, तीन गाठी मी मारल्या. माझा हात असा थरथरला की तिसरी गाठ वाकडी बसली. कापलेला दोरा पोनराजने कागदात गुंडाळला आणि समुद्रात टाकायला स्वतः गेला.

पाचला व्हॅन निघाली. इसक्की चढायला आली तेव्हा पोनराज दारात उभा होता. तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "अक्का, तू बसने ये. नवी नवरी गाडीत आहे. गृहप्रवेश झाल्यावर सावकाश ये, दोन दिवसांनी आलीस तरी चालेल."

"बरं," इसक्की म्हणाली.

मी व्हॅनमधून उतरले. हे ओरडले, "कुठे चाललीस? तिथे ओवाळायला कोण?" मी म्हटलं, "तुम्ही ओवाळा, तुम्हाला शास्त्र कळतं." लग्नानंतर इतक्या वर्षांत मी ह्यांना चारचौघांत असं पहिल्यांदाच बोलले, आणि त्याने काहीही फरक पडला नाही. व्हॅन गेली.

आम्ही दोघी बसस्थानकाच्या बाकावर बसलो. ती मानाची हिरवी साडी अजून तिच्या अंगावर होती, खालून हातभर ओली, वाळूने जड झालेली. तिने चहाही घेतला नाही. मग तिने विचारलं, "मामी, माझ्या गाठी लगेच सुटल्या का?"

"नाही गं. सुटेनात. कापाव्या लागल्या."

"कशाने?"

"दाढीच्या पात्याने."

"तुम्ही कापल्या?"

"पोनराजने."

ती आपल्या हातांकडे बघत राहिली. मला वाटलं, आता ती शिव्या देईल. द्यायला हव्या होत्या. मी वाटच बघत होते.

"पातं नवं असेल," ती म्हणाली. "त्याला नीट धरता येत नाही. हात नाही ना कापला त्याचा?"

तिला गदागदा हलवावं असं मला वाटलं. पण मी म्हटलं, "नाही. त्याला काहीसुद्धा झालं नाही."